दगडातले जीव

करंट गेला, पंपाची घरघर थांबली, हॉलमधल्या काचेच्या टाकीतलं पाणी निवांत झालं, आणि दगडाच्या भोकातून ते बाहेर आलं. भिवाजी सकाळच्या पाण्याचा जग हातात धरून टाकीपाशीच उभे होते. आधी दोन मिश्या दिसल्या, मग बोथट डोकं, मग अंग; करंगळीएवढं जाड आणि संपता संपेना इतकं लांब. दोन्ही बाजूंना केसांच्या झुपक्यांसारखे पाय, किती ते मोजायची सोय नाही, आणि सगळे एकामागून एक हलत होते. पाठीवर रॉकेल सांडलेल्या पाण्यावर दिसतात तसले रंग. त्याने वाळूवर तोंड फिरवलं, कालच्या खाण्यातला एक कण उचलला, आणि आल्या वाटेने मागे मागे सरकत ते भोकात शिरलं. मग करंट आला, पंप पुन्हा घरघरू लागला. दुसरा कुणी असता तर त्याने बोंब मारली असती. भिवाजींनी आधी मागे वळून पाहिलं, सुमेधाचं आपल्याकडे लक्ष गेलं की काय म्हणून. सून स्वयंपाकघरात स्वतःचा डबा भरत होती. त्यांनी जगातलं पाणी हळूच टाकीत ओतलं आणि सोफ्यावर जाऊन बसले.

टाकी अनिरुद्धची, त्यांच्या लेकाची. कुकटपल्लीत सातव्या मजल्यावर समुद्र आणून ठेवणारा पोरगा तो! माणसं गोड्या पाण्याचे मासे पाळतात, याला खारंच पाणी लागतं. त्याचं मीठ वेगळं, बादलीभर पिशव्यांतून येणारं. त्याचे दगडसुद्धा चेन्नईच्या एका व्यापाऱ्याकडून ओल्या कागदात गुंडाळून पार्सलने आलेले. "बाबा, हे लाइव्ह रॉक आहेत, जिवंत दगड," असं तो म्हणाला होता, तेव्हा भिवाजींना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. दोन नारिंगी मासे, एक लाल-पांढरी कोळंबी, काही शंख, आणि दगडांवर हाताच्या बोटांसारखी हलणारी फुलं, एवढं त्यांना माहीत होतं. कंपनीने अनिरुद्धला तीन आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा जाताना तो त्यांना सांगून गेला: खाणं दोन वेळा चिमूटभर, पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज सकाळी दोन जग फिल्टरचं गोडं पाणी, आत हात घालायचा नाही. दिवे आपोआप दुपारी एकला लागत आणि रात्री नऊला जात, म्हणजे ऑफिसातून आल्यावर त्याला टाकी बघायला मिळावी. त्यामुळे टाकीची रात्र सकाळी असे. बाल्कनीचा पडदा ओढलेला, समोरच्या इमारतीची सावली, आणि त्या अंधारात रोज भिवाजी एकटे.

ते किड्याला भ्याले नव्हते. खेड्यात वाढलेला माणूस, विंचू चिमट्यात धरलेला, साप दांडक्याने घराबाहेर काढलेला. वीतभर अळीला काय भिणार! त्यांना भीती वाटली ती अशी, की हे दगडात नसेल तर? हे आपल्याच डोक्यात असेल तर? त्यांच्या मायला शेवटी किडेच दिसत होते. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमधली मागची खोली, खिडकीखाली मायची बाज, आणि अंगावरच्या गोधडीतून बोटांच्या चिमटीने काहीतरी वेचत बसलेली माय. "भिवा, किडे रे, लई किडे झालेत, वेच की बाबा." सुरुवातीला भिवा वेचायचा. खोटं खोटं चिमटीत धरायचा, मूठ बंद करायचा, खिडकीतून बाहेर टाकायचा, आणि माय समाधानाने डोळे मिटायची. चतुराबाई, त्याची बायको, म्हणायची, असं करू नका, त्यांना खरंच वाटेल. एके दिवशी तो वर्कशॉपमधून डबल ड्यूटी करून आलेला, पाय सुजलेले, आणि माय त्याच्या शर्टावरचे किडे वेचायला लागली, तेव्हा तो ओरडला. "काही नाही माय! काहीच नाही! कुठं दिसतात तुला?" मायने हात मागे घेतला. किड्यांना ती कधी भ्याली नव्हती, त्या दिवशी ती पोराला भ्याली. पुढे चार महिने जगली, पण त्याला पुन्हा कधी काही वेचायला सांगितलं नाही. तो घरात शिरला की गोधडीवरची तिची बोटं थांबत. ती काय बघते हे तिने त्याच्यापासून लपवलं, तसंच आता आपण लपवतोय, हे त्यांच्या सोफ्यावर बसल्या बसल्या ध्यानात आलं.

आणि लपवायला कारण होतं. उन्हाळ्यात एकदा गॅसवर दूध ठेवून ते खाली फिरायला गेले. एकदा मेट्रोतून चुकीच्या स्टेशनावर उतरले आणि तासभर बाकावर बसून राहिले, नंतर स्वतःच घरी आले, पण तोवर सुमेधाने शंभर फोन केलेले. मग डॉक्टर. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा लावलेली तरुण पोरगी, तिने कोरा कागद पुढे ठेवला आणि इंग्रजीतून म्हणाली, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. भिवाजींनी विचारलं, "सकाळचे का रात्रीचे?" अडतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, त्याच्या लेखी रात्रीचे अकरा म्हणजे तेवीस! पोरगी हसली नाही. तिने तिच्या कागदावर एक खूण केली. ती खूण कसली होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, एवढंच ठरलं. आणि अनिरुद्ध जायच्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत सुमेधा त्याला म्हणताना त्यांनी ऐकलं, "मी दिवसभर नसते रे. परत काही झालं तर? शामीरपेटला ते वृद्धांचं सेंटर आहे ना, चोवीस तास नर्स असते म्हणे." अनिरुद्ध म्हणाला, "मी आल्यावर बघू." सुमेधा वाईट नव्हती. उलट लई गुणाची. रोज संध्याकाळी घरी आल्या आल्या आधी त्यांच्या खोलीत डोकावायची. पण चोवीस तास नर्स. त्या तीन शब्दांनी भिवाजींची झोप उडाली होती. म्हणून टाकीची जबाबदारी त्यांनी मागून घेतली. एकवीस दिवस एक काम बिनचूक करून दाखवायचं, मग बघू कोण कुठं पाठवतं.

तिसऱ्या दिवशी किडे दोन झाले. पाचव्या दिवशी त्यांना कोळंब्या दोन दिसल्या; एक नेहमीची, आणि एक तिच्याच आकाराची पण आरपार, सापाच्या कातीसारखी पोकळ, डोळे, मिश्या, पाय सगळं काचेसारखं, पाण्याबरोबर डुलत उभी. भिवाजी काचेपासून मागे सरले. एकाचे दोन दिसणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, वर्कशॉपमधल्या एका फोरमनला डोकं बिघडल्यावर दिसायचे. त्याच वेळी कामवाली लक्ष्मम्मा झाडू घेऊन हॉलमध्ये आली. त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "लक्ष्मम्मा, जरा देखो तो, इसमें क्या दिखता तुमकू?" तिने कमरेवर हात ठेवून टाकीत पाहिलं. तेवढ्यात पंपाच्या ओढीने ती काचेची कोळंबी दगडामागे गेली होती. "क्या दिखता, तातय्या? पत्थर है, मछली है." "और?" "और क्या रहना?" ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहून झाडायला लागली. झाडताना दोनदा वर पाहिलं. ही आता सुमेधाला सांगणार, या विचाराने त्यांनी तिला कधी नव्हे तो चहा करून दिला. तिलाही ते विचित्रच वाटलं असावं.

पाणी मात्र ते चुकले नाहीत. एक दिवसही नाही. आणि नुसतं नळीखाली जग धरून आणलेलं फिल्टरचं पाणी नव्हे. संध्याकाळी फिल्टरचं पाणी ते चतुराबाईच्या हंड्यात भरून ठेवत आणि सकाळी त्यातलं टाकीत घालत. तांब्याचा हंडा, बेगम बाजारातून आणलेला, रेल्वेत खलाशी म्हणून लागल्यावरच्या पहिल्या पगारातला. बिलोलीकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या वस्तीला विहिरीचा काठ शिवायची सोय नव्हती. वरून कुणीतरी ओतायचं आणि माय खाली मडकं धरायची, ओतणाऱ्याच्या मनात येईल तितकं. म्हणून शहरात आल्यावर भिवाजींनी आधी हंडा घेतला, खाट नंतर. दुकानदाराने नाव घालायचं विचारलं, तेव्हा चतुराबाईने मान खाली घालून स्वतःचं नाव सांगितलं, आणि तो ठोकून ठोकून अक्षरं काढत असताना दोघं समोर उभे राहून बघत होते. ती गेली तरी दर रविवारी वंदनेच्या आधी भिवाजी तो चिंचेने घासत. डोळ्यांत भरेल असा लखलखीत. सुमेधाच्या फिल्टरचं पाणी शुद्ध असेल, पण ते यंत्राचं. हंड्यात रात्रभर राहिलं की ते घरचं होतं, अशी त्यांची समजूत होती. घरी आलेल्याला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं पाणी द्यायचं. मग तो मासा का असेना.

दुसऱ्या आठवड्यात दगडाने जणू पोटातलं सगळं बाहेर काढायला सुरुवात केली. पाच बारीक काटेरी हात असलेलं एक काहीतरी भोकातून अर्धं लोंबत होतं, आणि पुढल्या सकाळी त्याचा एक हात वाळूवर वेगळाच पडलेला, पण हलत होता. तांदळाएवढे पांढरे जीव काचेवर चढत आणि घसरत. एक खेकडा, नखाएवढा, केसाळ, दगडाच्या टोकाला येऊन बसला आणि भिवाजींकडे बघत राहिला. हा तिथं कधी होता? चार वर्षांत अनिरुद्धच्या तोंडून खेकड्याचं नाव ऐकलं नव्हतं! आता ते सकाळी टाकीपाशी जायच्या आधी डोळे मिटून स्वतःला प्रश्न विचारत. आज वार कोणता. बायकोला जाऊन किती दिवस झाले. बावीस प्रतिज्ञांतली सातवी कोणती. सगळं आठवायचं. मग डोळे उघडले की अळ्या. मायलाही सगळं आठवत होतं, वेचता वेचता ती नातवंडांची नावं घ्यायची, हे त्यांना तेव्हाच आठवायचं. हात धुताना ते बोटं निरखून बघत, त्यांची चिमूट तर होत नाही ना. एकदा बनियनवरचं खरंच एक सूत उचललं, आणि ते हातात धरून न्हाणीत कितीतरी वेळ उभे राहिले. रडू आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, सुताचा तुकडा हातात धरून रडत होता.

अनिरुद्धचा फोन रोज दुपारी येई. "जय भीम बाबा. टाकी कशी आहे?" तोंडापर्यंत यायचं. पोरा, दगडातून काहीतरी निघतंय रे. एवढं म्हणायला काय लागतं? पण मग तो विचारणार, काय निघतंय? आणि थोडा थांबणार. त्या थांबण्याची त्यांना भीती होती. डॉक्टरीण खूण करायच्या आधी जेवढं थांबली होती, तेवढंच. "मस्त आहे," ते म्हणत. "मासे खातात. पाणी घालतो रोज." सुमेधा एका संध्याकाळी दिव्यांच्या निळ्या उजेडात टाकीसमोर वाकून म्हणाली, "फुलं मिटल्यासारखी दिसतात ना हो बाबा?" भिवाजींना तिला मिठी मारावीशी वाटली. हिला दिसतंय! निदान एवढं तरी हिलाही दिसतंय. पण ती पुढे म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं, अनि आल्यावर बघेल," आणि गेली. उजेड असला की अळ्या आत असत. सकाळी तिला हाताला धरून आणावं, दाखवावं, असं त्यांनी तीनदा ठरवलं. पण तिला आणलं, तिने पाहिलं, आणि लक्ष्मम्मासारखं म्हटलं, दगड आहे, मासे आहेत, तर? मग ते कळून जगायचं कसं? न कळलेलं बरं, असं म्हणत ते एकटेच अंधारात जाऊन दोन जग पाणी घालून येत.

अनिरुद्ध आला तो शनिवार. विमानतळावरून सकाळी साडेसातला दारात, हातात बॅग. भिवाजी टाकीपुढे खुर्ची टाकून बसले होते, कारण आज आत जे होतं त्यापुढून त्यांना उठवतच नव्हतं. तो मोठा किडा पूर्ण बाहेर येऊन वाळूवर पसरला होता, हातभर, आणि त्याचे रंग गेले होते. त्याच्या बाजूला आणखी सात-आठ. शंख उलटे पडलेले. केसाळ खेकडा पाय वर करून. लाल कोळंबी आडवी, मिश्या पाण्याबरोबर हलताहेत पण ती हलत नाही. त्या सगळ्यावरून दोन नारिंगी मासे काही झालंच नाही असे फिरत होते. भिवाजी उठले नाहीत. आता पोरगा बघेल, आणि काय म्हणेल यावर आपलं सगळं आहे, एवढंच त्यांना समजत होतं. अनिरुद्ध पडदा सारून टाकीशी आला. "अरे देवा," तो म्हणाला, देव न मानणारा पोरगा. "बाबा, हे... हे एवढे वर्म्स? हा केवढा आहे!"

"तुला दिसतो?" भिवाजी म्हणाले.

"म्हणजे काय, दिसतो? हातभर आहे तो! सुमेधा, इकडे ये लवकर!"

सुमेधा आली, तिने तोंडावर हात घेतला. "ई, बाई गं! हे सगळं आत राहत होतं? आपल्या घरात?" आणि भिवाजींना हसू फुटलं. आवरेना. डोळ्यांतून पाणी, पोट हलतंय, आणि हसू. दिसतंय, सगळ्यांना दिसतंय, सगळं खरं आहे, अळ्या खऱ्या, खेकडा खरा, तुटलेला हात खरा! माय, खरे किडे होते गं! पोरगा टाकीपुढे गुडघ्यांवर बसला होता, त्याचे डोळे भरले होते, चार वर्षं जपलेलं एका फटक्यात गेलेलं, आणि बाप हसतोय. ते त्यांना कळलं तेव्हा त्यांनी उपरण्याने तोंड झाकलं. मेलेले जीव समोर पडलेत, रोज पाणातिपाता, म्हणजे जीव न मारण्याचं शील, म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी. लाज वाटत होतीच. पण हसू तिच्याही वर होतं.

"मासे जिवंत आहेत आणि बाकी सगळं गेलं," अनिरुद्ध स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. त्याने कुठूनशी एक छोटी बाटली काढली, टाकीतलं पाणी भरलं, थेंब टाकले, आणि रंग उजेडात धरून पाहिला. "तांबं. पाण्यात तांबं आहे. माशांना थोडंफार चालतं, या बाकीच्यांना ते विष असतं. पण माझ्या टाकीत तांबं येईल कुठून?" मग त्याची नजर वळत वळत स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर गेली. लखलखीत, नुकताच घासलेला हंडा. त्यावर आईचं म्हणून सगळ्यांना पाठ असलेलं नाव. भिवाजींचं हसू थांबलं. "रोज त्यातलं घालत होतो," ते म्हणाले. "रात्रभर ठेवून. म्हटलं, चांगलं पाणी द्यावं."

अनिरुद्धने कपाळ धरलं. मग उठून तो त्यांच्या खुर्चीपाशी आला आणि खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या बाबा. माझी चूक. तांब्याचं मी सांगायला हवं होतं, निघायच्या घाईत राहिलं असणार. तुम्हाला कसं माहीत असणार?"

"नव्हतंच सांगितलं तू," भिवाजी जोरात म्हणाले. त्यांच्या आवाजात बळ आलं होतं. "मला बरोबर आठवतं. खाणं चिमूटभर, दोन जग फिल्टरचं पाणी, हात घालायचा नाही. तीनच गोष्टी. तांब्याचा त शब्द काढला नाहीस तू. काढला असतास तर मी घातलं असतं का? मला काय येड लागलंय?" आणि ते सुमेधाकडे बघून म्हणाले, कारण तिलाही ऐकू जायला हवं होतं. सुमेधा मान डोलावून बादली आणायला गेली.

पंप बंद करायला अनिरुद्धने टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. "हां, हे बघा, मी बोललो आणि तुम्ही लिहून घेतलं होतं, मी इथे लावून ठेवलेलं," तो म्हणाला आणि कागद सोडवून त्यांच्या हातात दिला. "वाचा बरं, काय काय सांगितलं होतं मी. माझं मराठी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे." तो पुन्हा वायरींत डोकं घालून बसला.

भिवाजींनी चष्मा लावला. अक्षर त्यांचं होतं. रेल्वेच्या रजिस्टरांत आयुष्य गेलं, त्या वळणात खोट नव्हती. ल ची गाठ, ओळीवर ठेवलेला पूर्णविराम. वर तारीख. एक, खाणं. दोन, फिल्टरचं पाणी. तीन, हात घालणे नाही. चार. चारखाली दोन रेघा मारल्या होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ. त्यांनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली, आणि ती लिहितानाचं काहीतरी आठवावं म्हणून शोधत राहिले. टेबल, पेन, पोराचा आवाज, दुपार की सकाळ, काहीतरी. काही नव्हतं. तिथं भिंतच होती. कागद दुमडून खिशात घालता आला असता. पोरगा तिकडे वळला होता, त्याने दोष आपल्या अंगावर घेऊन टाकला होता, आणि त्याला हे वाचायला अर्धा तास लागला असता. सुमेधा बादली घेऊन यायची होती.

"बाबा? काय लिहिलंय?"

"चार," भिवाजी वाचायला लागले. "तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी अजिबात घालू नये. जीव मरतात. अनिने दोनदा सांगितले आहे."

अनिरुद्धने वायरींतून डोकं बाहेर काढलं. त्यांनी कागद त्याच्याकडे धरला, आणि लहान पोर विचारतं तसं त्यांनी लेकाला विचारलं, "मग मी हे कधी लिहिलं, अनि?"